नवतप्यातला समुद्र

नवतपा लागला की मला समुद्र आठवतो.

आज सकाळी नागपूरला, मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत कूलरमध्ये पाणी भरायची एकच घाई उडाली होती. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "लागला वं बाई नवतपा. आता नऊ दिवस खिडक्या उघडायचं नाव नको." मी घरात आले, पडदे ओढले, आणि ओल्या वाळ्यातून आलेला पहिला गार झोत अंगावर आला तशी सक्करदऱ्याच्या आमच्या पहिल्या दोन खोल्यांमध्ये जाऊन पोचले. लोकांच्या आठवणीतल्या समुद्राला मिठाचा, मासळीचा वास असतो. माझ्या समुद्राला वाळ्याचा वास आहे, आणि नकाशांच्या ताज्या प्रतींना येतो तो अमोनियाचा उग्र दर्प.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. माझे यजमान, प्रभाकर, एका वास्तुविशारदांच्या खासगी कचेरीत नगररचनेचं काम करायचे. तेव्हा नवऱ्याला नावाने हाक मारायची सोय नव्हती, 'अहो' म्हणूनच सगळा संसार झाला. लिहिताना मात्र मी त्यांना नावाने लिहिते. आता रागवायला कोणी नाही, आणि ते रागावलेही नसते.

त्या वर्षी त्यांच्या कचेरीकडे एक अजब काम आलं. पूर्वेकडच्या समुद्रातल्या एका द्वीपसमूहाचा पर्यटन आराखडा. पुढच्या वीस वर्षांत तिथे किती माणसं फिरायला येतील, ती कुठे उतरतील, काय खातील, पाणी कुठून पितील, कोणता किनारा खुला ठेवायचा, कोणता झाकायचा, हे सगळं नागपुरात बसून ठरवायचं. ऐकणारा प्रत्येक जण हसायचा. माझे सासरे तर म्हणाले, "आपल्या गावात अंबाझरीच्या तलावापुढे पाणी कोणी पाहिलं नाही, अन् तुम्ही समुद्राचं प्लॅनिंग करून राहिले!"

कचेरीतर्फे प्रभाकर दोन महिने तिकडे राहून आले. होळीनंतर परतले ते काळेभोर होऊन, गालफडं बसलेली, आणि डोळ्यांत असं काहीतरी घेऊन की मला पहिले काही दिवस त्यांचा हेवाच वाटत राहिला. मी वर्षानुवर्षं फळ्यावर प्रवाळबेटं काढत आले होते. बेटाला बिलगून असलेल्या उथळ, शांत पाण्याला खारकच्छ म्हणतात, ही व्याख्या मुलींकडून घोकून घेत होते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिला का जी समुद्र?" मी म्हटलं, "नकाशात." वर्ग खो खो हसला होता. मीही हसले होते. आता माझ्याच घरातला माणूस त्या पाण्यात गुडघाभर उभा राहून आला होता.

परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, शाळेला सुट्टी लागली. कचेरीतला कूलर दर दोन दिवसांनी बंद पडायचा, म्हणून प्रभाकर मोठे कागद घरी आणू लागले. दुपारी रस्ते ओस पडले की आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर समुद्र उलगडला जायचा. चार कोपऱ्यांवर दगडी वरवंटा, पितळेचा तांब्या, माझा भूगोलाचा शब्दकोश आणि इस्त्री. ट्रेसिंग पेपर कोरड्या हवेने सुरळी होऊन वर यायचा. पेनातली शाई टोकाशीच वाळून जायची. मनगटाखाली रुमाल ठेवावा लागे, नाहीतर घामाने एखाद्या बेटाचा किनारा विरघळे. खिडकीबाहेर शेजारणीचे कणकेचे सरगुंडे खाटेवर वाळत पडलेले असायचे, आणि इथे मी ब्रश बुडवून समुद्राला निळा रंग देत बसलेली. खोल पाण्याला गडद, उथळ पाण्याला फिका, आणि खारकच्छाला त्यात किंचित हिरवा मिसळून.

"असा नाही, मालू," प्रभाकर म्हणायचे. "अजून फिका. सकाळी तर रंगच नसतो त्याला. पाण्यात बोट घातलं की तळाशी आपल्याच बोटाची सावली दिसते."

"मग कसा देऊ? रंगच नसेल तर?"

"ते मलाही समजून नाही राहिलं."

मला तेव्हा सहावा महिना होता. खरं तर त्या उन्हाळ्यात त्यांची आणखी एक फेरी ठरली होती आणि मला बरोबर न्यायचं पक्कं झालं होतं. मी दोन सुती साड्या वेगळ्या काढूनही ठेवल्या होत्या. पण डॉक्टरीणबाईंनी जहाजाचं नाव ऐकताच हात जोडले. मग प्रभाकर म्हणाले, मीही जात नाही. पुढच्या वर्षी तिघं जाऊ.

त्या द्वीपसमूहात एक छोटं बेट होतं. त्याचं खरं नाव मुद्दामच सांगत नाही, आमच्या घरात त्याला 'धाकटं बेट' म्हणत. प्रभाकरांचा जीव तिथे अडकला होता. नारळाची झाडं, वीस-पंचवीस घरं, एक दवाखान्याची खोली, आणि पूर्वेला असा पांढरा किनारा की उन्हात त्याच्याकडे पाहवत नसे. मोठ्या बेटांवर त्यांनी विश्रामगृहं आखली, गोड्या पाण्याच्या विहिरी हेरल्या, बाजार आखला, कचरा कुठे जाईल त्या जागेची खूण केली. धाकट्या बेटावर मात्र त्यांनी काहीच आखलं नाही. मला म्हणाले, "हे सगळं हिरवं करून टाक. इथे कोणी काही बांधायचं नाही. एक तरी जागा जशीच्या तशी राहू दे." मी ते बेट किती प्रेमाने रंगवलं काय सांगू! तीन वेळा धुऊन हलका हिरवा दिला. कचेरीत मोठे साहेबही म्हणाले की आराखड्यातली सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे ही मोकळी सोडलेली जागा.

वैशाखात एका दुपारी दार वाजलं. बाहेर पांढऱ्या साडीतली, डोक्यावरून ओला टॉवेल घेतलेली पन्नाशीच्या अलीकडची बाई उभी. प्रभाकर उठून उभेच राहिले. "कुसुमताई! तुम्ही इथे?"

कुसुमताई म्हणजे धाकट्या बेटावरच्या नर्स. मूळच्या इथल्याच, कळमेश्वरकडच्या, शेतकरी घरातल्या. नागपुरात नर्सिंग शिकल्या, आणि त्या बेटांवर जायला कोणी तयार होईना तेव्हा यांनी हात वर केला. प्रभाकर तिथे राहिले तेव्हा यांच्याच हातची भाकरी खाऊन राहिले होते. इतक्या दूर, चहूबाजूंनी पाणी, आणि एक बाई चुलीशी बसून आपल्या बोलीत विचारते, "तिखट चालते ना जी तुमाले?" हा किस्सा मी किती वेळा ऐकला होता. आता पुतणीच्या लग्नासाठी कुसुमताई सुट्टी घेऊन आल्या होत्या आणि पत्ता शोधत आमच्याकडे आल्या होत्या.

मी पन्हं केलं. त्यांनी एका दमात पेला रिकामा केला आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "काय सुंदर कोरडं हाय वं तुझं घर!"

मला हसू आलं. नागपूरच्या उन्हाळ्याचं असं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

"हसू नको. तिथं साडी वाळत नाई. उशी ओली, मीठ ओलं, काडेपेटी ओली. इथं दोरीवर साडी टाकली की पापडासारखी होते. मले तिथं थ्या कडक वाळलेल्या साडीचा वास याद येते. कधी कधी रडू येते, खरंच सांगून राहिली."

मी मनात म्हटलं, आणि मी इथे त्या ओल्या उशीसाठी झुरते आहे.

मग त्यांचं लक्ष सतरंजीवर गेलं. पदर सावरून त्या नकाशाशेजारी बसल्या, बोटाने एकेक बेट ओळखत गेल्या. धाकट्या बेटापाशी बोट थांबलं. किती तरी वेळ त्या नुसत्या पाहत होत्या. मला वाटलं, आपला रंग आवडला.

"हे हिरवं म्हंजे काय, भाऊ?"

"म्हणजे तिथे काही करायचं नाही, ताई. बांधकाम नाही, धक्का नाही, गर्दी नाही. तुमचं बेट आहे तसंच राहील."

"काही नाई म्हंजे काहीच नाई?"

"काहीच नाही," प्रभाकर अभिमानाने म्हणाले.

कुसुमताईंनी बोट उचललं. "काहून?"

प्रभाकर समजावू लागले. हॉटेलं आली की किनारा कसा जातो, प्रवाळ कसं मरतं, तिथली माणसं तिथेच कशी नोकर होतात. सगळं खरं होतं. मी ते रोज ऐकत होते आणि मला ते पटत होतं. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"कितवा महिना वं?"

"सहावा."

"मागच्या पावसाळ्यात माह्याकडं एक पोरगी होती, तुझ्याएवढीच. पहिलटकरीण. दिवस भरले होते, बाळ आडवं. मोठ्या बेटावर नेल्याशिवाय गत्यंतर नोतं. बोट आली बी. पण धक्का नाई. लाटा अशा, की बोट खडकाच्या आत येऊ शकत नाई, अन् आमी बाहेर जाऊ शकत नाई. बोट डोळ्यांपुढं उभी. आवाज दिला तं ऐकू जाईल एवढी जवळ. तिचा नवरा पोहत गेला, त्याले वाटलं दोर आणू, पण लाटांनी परत फेकला. दुपारपर्यंत बोट थांबली, मग परत गेली. संध्याकाळी पोरगी गेली. बाळ बी गेलं. माह्याच मांडीवर."

कूलरचा पंखा खडखडत होता.

"हिरवं छान दिसते, भाऊ. चित्रासारखं हाय. पण चित्रात आमी राहून राहिलो ना जी."

प्रभाकर म्हणाले, "ताई, धक्का बांधला की हॉटेलवाले येतीलच. आज ना उद्या. तुमचा पूर्वेचा किनारा राहणार नाही."

"येऊ द्या ना. पोट्टे जगले तं हाटेल पाहतील." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मले बी तो किनारा आवडते. मी काय दगडाची हाय का? सुट्टीच्या दिवशी मी तिथंच जाऊन बसते. पण मले निवडायला सांगाल तं मी धक्काच मागीन."

त्यावर प्रभाकरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदा चेहऱ्याकडे आणि मग पोटाकडे. त्या नजरेचं मी काय वर्णन करू? बायकोकडे पाहणारा माणूस नव्हता तो. मनातल्या मनात त्यांनी मला त्या वाळूवर झोपवलेलं पाहिलं होतं, आणि समोर हाकेच्या अंतरावर थांबलेली बोट.

कुसुमताई उठल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जपून राय. तुह्या दारातून रिक्षा मिळते, लय झालं." पावसाच्या आत परत पोचायचं म्हणून त्या त्याच आठवड्यात मद्रासच्या गाडीने निघणार होत्या. आम्ही स्टेशनवर गेलो. त्यांच्या सामानात लाल तिखट, तुरीची डाळ आणि मी दिलेला सरगुंड्यांचा डबा. गाडी हलली तेव्हा प्रभाकर खिडकीबरोबर चालत गेले आणि म्हणाले, "ताई, मी पाहतो." एवढंच. त्यांनी मान डोलावली. वचन घेतल्यासारखं काही नव्हतं त्यात. पुष्कळ साहेबांचं 'पाहतो' ऐकलेली बाई होती ती.

आणि नवतपा लागला.

त्या नऊ दिवसांत आमच्या घरात जे झालं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. मोठे साहेब भडकले होते. आराखडा पूर्ण झाला, आता बदल कसला? इतकं देखणं पान, ते का बिघडवायचं? प्रभाकर म्हणाले, पान बिघडलं तर बिघडू द्या. शेवटी साहेबांनी सांगितलं, करायचं तर स्वतःच्या वेळात करा. म्हणून ते कचेरीतून आले की आम्ही दोघं खाली बसायचो. पश्चिमेला, दवाखान्याजवळ, खडक जिथे फाटतो तिथे त्यांनी धक्का आखला. पाहुण्यांनी सकाळी यावं, संध्याकाळी परत जावं. राहायचंच असेल तर गावातल्या घरांत, घरमालकाच्या मर्जीने, त्यांच्याच हातचं खाऊन. हॉटेल नाही. पूर्वेचा किनारा पायी जाणाऱ्यांसाठी. पहिली बोट दवाखान्याची, मग पर्यटकांची, हे वाक्य त्यांनी तीनदा खोडून तीनदा लिहिलं. त्यांना ते सरकारी भाषेत बसवता येईना. शेवटी मीच म्हटलं, "सरळ लिहा. भूगोलाच्या बाई वाचतील तेव्हा त्यांनाही कळलं पाहिजे."

माझ्या हिरव्यावर काळ्या शाईने तो धक्का काढायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढा." त्यांनी काढला. एक बारीकशी रेघ, पाण्यात गेलेली.

त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं पुन्हा कधी बोललो नाही. मी विचारायची, तिथे सकाळी पहिला आवाज कसला येतो? ते डोळे मिटून आठवायचे. बोटांना कोरडी वाळू कशी लागते, ओली कशी. ओहोटीला मागे राहिलेल्या पाण्यात मासे कसे अडकतात आणि गावातली मुलं ते कसे ओंजळीने परत सोडतात. बाहेर झाडांची पानं करपत होती, सक्करदऱ्याचं तळं आटून मधोमध चिखल उघडा पडला होता, आणि मी वाळ्याच्या झोताखाली पाय पसरून एका बेटावरून चालत होते. मला वाटायचं, आपण जाऊच. हे नुसतं आधीपासून पाहून ठेवणं आहे.

आराखडा गेला. कौतुक झालं म्हणे. नंतर बरीच वर्षं काहीच ऐकू आलं नाही. त्याच वर्षी श्रावणात मुलगी झाली. पुढच्या वर्षी ती फार लहान होती, त्याच्या पुढच्या वर्षी सासरे आजारी होते. पुढे प्रभाकरांच्या छातीत दुखू लागलं. एका हिवाळ्यात, ऐन पस्तिशीत, ते कचेरीतून घरी आले, बूट काढले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. मी शाळा सांभाळली, मुलीला वाढवलं. शाळेच्या सहलीबरोबर एकदा समुद्र पाहिला. किनाऱ्यावर मुली ओरडत धावल्या. मी वाळूत उभी राहिले आणि मला परक्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. समुद्र होता, पण तो नव्हता.

कुसुमताई निवृत्त होऊन कळमेश्वरला भावाकडे आल्याचं कळलं तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. केस पांढरे, गुडघे धरलेले, आवाज तसाच. प्रभाकर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

मग स्वतःहूनच म्हणाल्या, "धक्का झाला, मालती. भाऊनं काढला होता तिथंच, फाटलेल्या खडकापाशी. पहिल्या पावसाळ्यातच एका बाईले घेऊन गेली मी. आभाळ फाटलेलं, पण बोट लागली. पोरगा झाला. मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात मी खाली बसून ढसाढसा रडली."

"आणि हॉटेल?"

"थे बी झालं." त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "पूर्वेले. आराखड्यात नोतं म्हणतात, पण झालं. पोट्ट्यांले आता तिकडं जाऊ देत नाईत. भाऊ बोलले होते ना. त्यांचं बी खरं झालं, अन् माहं बी."

मी विचारलं, "तुम्हाला पश्चात्ताप होतो?"

"नाई वं." त्या लगेच म्हणाल्या. आणि मग, "पण दुःख होते. थे वेगळं."

चहा झाला. मी म्हटलं, "ताई, आपण दोघी जाऊ या का? हिवाळ्यात. तुम्ही मला दाखवा."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे भरून आले. "मी उतरू कुठं तिथं? दवाखान्याची खोली आता नव्या नर्सची. पाहुणी म्हणून थ्या हाटेलात? माह्याच बेटावर? नाई, मालती. इथं साडी कशी कडक वाळते, पाह्य. अन् माहं मन लागत नाई. ओल्या उशीशिवाय झोप येत नाई मले."

मग मी त्यांना म्हटलं, मला सांगा तरी. ओहोटीच्या वेळचं ते उथळ पाणी कसं दिसतं? प्रभाकरांना कधी सांगता आलं नाही, मला कधी रंगवता आलं नाही.

कुसुमताई सरसावून बसल्या. सांगू लागल्या आणि अडल्या. "निळं नाई म्हणत त्याले. हिरवं बी नाई. तिथल्या लोकांच्या बोलीत एक शब्द हाय बघ त्याच्यासाठी. फक्त थ्याच पाण्यासाठी, दुसऱ्या कशाले वापरत नाईत." त्या आठवू लागल्या. ओठ हलत होते. आठवेना. इतकी वर्षं ज्या शब्दात राहिल्या, तो शब्द कळमेश्वरच्या ओट्यावर त्यांना सापडेना. आम्ही पुतणीच्या मुलांबद्दल बोललो, शाळेबद्दल बोललो, आणि मधेच त्या थांबून म्हणायच्या, "जिभेवर हाय माह्या."

बसची वेळ झाली. नको म्हटलं तरी त्या स्टँडपर्यंत चालत आल्या, दुखरे गुडघे घेऊन. मी खिडकीशी बसले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, बस थरथरली, निघाली. आणि मागे वळून पाहते तो कुसुमताई पदर सावरत बसमागून येत होत्या, हात वर करून, चेहरा लहान मुलीसारखा फुललेला. त्यांना शब्द आठवला होता. त्या तो ओरडून सांगत होत्या, पुन्हा पुन्हा, दोन्ही हातांचा द्रोण तोंडाशी धरून. इंजिनाच्या आवाजात मला काहीही ऐकू येत नव्हतं.

मी खिडकीतून हात हलवला, आणि सगळं ऐकू आल्यासारखी जोरजोरात मान डोलावली.